जमिनीच्या हातचं

मराठी संसाराची सकाळ तीन प्रश्नांवर उभी असते. पाणी तापलं का, चहा झाला का आणि कुकर कधी लावायचा. हे तीन प्रश्न काढून घेतले तर पन्नाशी ओलांडलेल्या नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला विषय उरत नाही. तरीही लोक आराम करायचा म्हणून हौसेने कुठल्या कुठल्या बेटांवर जातात. आम्ही तर असं बेट गाठलं की जिथे ही तिन्ही कामं ज्वालामुखीच करतो.

बेटाचं नाव साऊ मिगेल. अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या पश्चिमेला साधारण 1,400 किलोमीटरवर, पोर्तुगालची अझोर्स नावाची नऊ बेटं आहेत. त्यांतलं हे सगळ्यांत मोठं. मोठं म्हणजे एका टोकाला पुणं ठेवलं तर दुसऱ्या टोकाला लोणावळा येईल एवढं, आणि रुंदी त्याच्या पावपट. निवड मुलीची. ती लिस्बनला नोकरी करते आणि आईबापांना सुट्टी कळत नाही असं तिचं ठाम मत आहे. "तिथे काही बघायला धावू नका, काही आणू नका, नुसते रिलॅक्स व्हा," असं तिने बजावलं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लेखी सूचना मिळाल्याशिवाय काही न करणं त्यांना चांगलं जमतं, पण काहीही न करण्याचीच सूचना मिळाल्यावर त्यांनी लगेच नवी वही आणली आणि पहिल्या पानावर 'आराम' असं लिहून खाली रेघ मारली.

विमानतळावरून निघालो. रस्त्याच्या दोन्ही कडांना निळ्या हायड्रेंजियाच्या भिंती, पलीकडे हिरवी कुरणं, काळ्या दगडांचे बांध आणि वर भुरभुर पाऊस. टॅक्सी वळणावर आली आणि हे म्हणाले, "अगदी आपलं कोकण!" मराठी माणूस हे वाक्य केरळात म्हणतो, स्कॉटलंडमध्ये म्हणतो, स्वित्झर्लंडमध्ये तर बर्फ दिसेपर्यंत म्हणतो. मी दुर्लक्ष केलं. पण या खेपेला त्यांच्याकडे भूगर्भशास्त्राचा पुरावा होता. सह्याद्रीसुद्धा लाव्हाच्या थरांचाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपण सगळे ज्वालामुखीवरच राहणारी माणसं. फरक एवढाच की आपला निवृत्त झालेला आहे आणि यांचा अजून नोकरीत आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात यांच्या ज्वालामुखीविषयी किंचित असूया होती.

"पण सध्या तो रजेवर आहे ना?" मी विचारलं.

"फुर्नाशचा शेवटचा उद्रेक 1630 साली." मग एकदम थांबून, "म्हणजे बघ, ज्या वर्षी शिवनेरीवर महाराज जन्मले त्याच वर्षी!" हे त्यांनी टॅक्सीवाल्यालाही इंग्रजीत सांगितलं. तो बिचारा 'यस, यस' म्हणाला. पुढच्या मुक्कामात हॉटेलची मालकीण, चीजचा दुकानदार आणि ब्राझीलहून आलेलं एक नवविवाहित जोडपं, सगळ्यांना ही माहिती मिळाली.

फुर्नाश हे गाव ज्वालामुखीच्या विवरातच वसलेलं आहे. तिथे पोचण्याआधी वास पोचतो, पाणीपुरीच्या गाडीवरच्या काळ्या मिठासारखा. मला तर भूकच लागली. गावातल्या उकळत्या कुंडांमध्ये लोक मक्याची कणसं पोत्यात भरून सोडतात आणि शिजली की विकतात. आमच्याकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण तिथे माणसांनाच उकळून काढतात. कणीस मात्र कसं वापरायचं ते या लोकांना कळलं.

खरा स्वयंपाक तळ्याकाठी. राखाडी, वाफाळती जमीन, तिच्यात खड्डे, खड्ड्यांवर मातीचे छोटे ढिगारे आणि प्रत्येक ढिगाऱ्यात खोचलेली हॉटेलच्या नावाची पाटी. पहाटे भलीमोठी पातेली त्या खड्ड्यांत उतरवायची, वर माती लोटायची आणि निघून जायचं. पाच-सहा तासांनी, दुपारी बाराच्या सुमाराला दोन माणसं फावडं आणि लांब आकडे घेऊन येतात, माती बाजूला करतात आणि पातेलं वर ओढतात. या पदार्थाला कोझिदो म्हणतात. भोवती प्रवाशांचं कडं उभं असतं. पातेलं वर आलं की टाळ्या पडतात. माझ्या हयातीत माझ्या एकाही पातेल्याला टाळी मिळालेली नाही.

मला पडलेला प्रश्न साधा होता. शिजलं हे कळतं कसं? मी त्या आकडेवाल्या गृहस्थांना खुणेने विचारलं. त्यांना कळेना. मग मी तोंडाने कुकरची शिट्टी काढून दाखवली आणि तीन बोटं वर केली. ते मनापासून हसले आणि त्यांनी उलट शिट्टी मारली. बाजूच्या दोघांनीही मारली. हे तळ्याकडे बघत जरा लांब जाऊन उभे राहिले. शेवटी कळलं ते असं की कोणी काही बघत नाही. मधे झाकण काढायचं नाही, ढवळायचं नाही, मीठ चाखायचं नाही. आता ज्यात मीठ चाखता येत नाही त्याला मी स्वयंपाक म्हणणार नाही. ते श्रद्धेचं काम झालं.

गावातल्या खानावळीत ती श्रद्धा परातीएवढ्या ताटातून समोर आली. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, लाल सॉसेज, रक्ताचं काळं सॉसेज, कोबी, गाजर, बटाटा, रताळं. "आणि हे बघ," हे ओरडले, "अळकुडी!" खरंच अळकुडी होती. फुर्नाशच्या कोमट ओढ्यांच्या काठी अळू लावतात, त्याचेच कंद. यांनी काट्याने ताटात लाभक्षेत्राची हद्द आखली: इकडचं आपलं, तिकडचं नाही. पण रस्सा कुठली हद्द मानत नाही हे पाटबंधारे खात्याला कोणी सांगायची गरज नव्हती. कोंबडी, रताळं आणि अळकुडीला मी आपलं म्हटलं. सकाळभर ती कोणाच्या संगतीत होती याची चौकशी केली नाही. चव बरी होती, किंचित धुरकट आणि भरपूर मऊ. पण फोडणी नाही. ज्वालामुखीला वाफ येते, फोडणी येत नाही, हे मी तिथेच नोंदवून ठेवलं.

फोडणीची कसर मात्र जेवणाआधीच भरून निघाली होती. या बेटावर जेवायला बसलं की पांढरं, मऊ, ताजं चीज येतं आणि त्यावर लाल मिरचीचा खारट, जाडसर गोळा. तिखट बेताचं, पण जात ठेच्याचीच. पहिल्या घासाला यांनी डोळे मिटले. मुलीने सांगितलेला आराम बहुधा हाच असावा. तिथून पुढे प्रत्येक खानावळीत चीज उरायचं आणि मिरची दोनदा मागवली जायची.

पोटोबा झाल्यावर स्नान. तेरा नोस्ट्रा नावाच्या बागेत लोहयुक्त गरम पाण्याचं मोठं तळं आहे. अठराव्या शतकात टॉमस हिकलिंग या बोस्टनहून आलेल्या व्यापाऱ्याने इथे उन्हाळी घर बांधलं, तिथून या बागेची सुरुवात. परदेशी जाऊन राहायचं आणि आधी गरम पाण्याची सोय करायची, हा माणूस मला एकदम पटला. पाणी पिवळट तांबूस, तळ दिसत नाही, पायाला गाळ लागतो. कपड्यांना रंग चढतो, गडद किंवा जुने कपडे घाला, असं आधीच सांगतात. यांनी सोसायटीच्या वर्धापनदिनाला मिळालेला पांढरा टी-शर्ट घातला. "जुनाच आहे," म्हणाले.

सगळे लोक गळाभर पाण्यात डोळे मिटून बसले होते. आमच्या समोर एक जर्मन जोडपं अखंड गप्प होतं. मला आधी हेवा वाटला, नंतर वाटलं, भांडले असतील. हे मात्र तळ्याच्या कडेकडेने छातीभर पाण्यातून फिरत होते. पाणी येतं कुठून, जातं कुठून, आवक किती, विसर्ग किती. शेवटी ज्या तोंडातून ऊन पाणी पडतं तिथे पोचले, हात धरून अंदाज घेतला आणि तिथून मला ओरडून आकडा सांगितला. क्युसेकमध्ये. जर्मन बाईंनी डोळे उघडले.

टी-शर्ट बाहेर आला तो भगवाही नाही आणि खाकीही नाही अशा रंगात. मला एकदम हुरूप आला. लोखंडाचा डाग लिंबू-मिठाने जातो. दुकान गाठलं, लिंबं आणली, जाडं मीठ मिळालं. खोलीतल्या न्हाणीघरात, बादली नव्हती म्हणून कचऱ्याचा डबा घासून घेतला, त्यात टी-शर्ट भिजवला, लिंबाची अर्धी फोड मिठात बुडवून 'वर्धापनदिन' या अक्षरांवरून गोल गोल फिरवत बसले. बाहेर दरीत ढग उतरत होते, बागेत नेच्यांची झाडं ठिबकत होती, जगभरची माणसं ते बघायला पैसे मोजतात. मी काखेखालचा डाग धरून बसले होते आणि बेटावर आल्यापासून पहिल्यांदाच मला खरोखर हलकं वाटत होतं. डाग बराचसा गेला. टी-शर्ट मात्र वाळला नाही. तिथे काहीच वाळत नाही. दिवसात चारही ऋतू येऊन जातात असं ते लोक अभिमानाने सांगतात, पण चारही ऋतू ओलेच असतात हे सांगत नाहीत. हेअर ड्रायर घेऊन आम्ही दोघं आळीपाळीने बाह्या वाळवल्या. छान गप्पा झाल्या.

राहता राहिला चहा. उत्तर किनाऱ्यावर गोरियानाचा चहामळा आहे, 1883 पासून चालू. त्याआधी या बेटाची श्रीमंती संत्र्यांवर होती; जहाजं भरभरून इंग्लंडला जायची. बागांवर रोग पडला, संत्री गेली आणि लोक चहाकडे वळले. शिकवायला 1878 साली मकाऊहून दोन चिनी जाणकार आणवले होते. समुद्राकडे उतरत जाणारे चहाचे ताटवे, मधूनच निळा अटलांटिक, आत कारखान्यात जुनी यंत्रं धडधडत असलेली. आणि शेवटी मोठ्या किटल्यांतून फुकट चहा, हवा तेवढा. 'फुकट' आणि 'हवा तेवढा' हे शब्द एका वाक्यात आल्यावर यांचा 'आराम' वहीसकट बाजूला राहिला.

पण दूध? या बेटांवर जिकडे बघावं तिकडे गाई. पोर्तुगालच्या एकूण दुधातलं जवळपास एकतृतीयांश दूध अझोर्समधून येतं. खिडकीबाहेर दहा पावलांवर एक काळी-पांढरी गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती आणि माझ्या कपात बिनदुधाचा चहा होता. फुर्नाशला तर तिथल्या झऱ्याच्या पाण्यात हिरवा चहा केला की तो जांभळा होतो. लोक फोटो काढतात. जांभळा चहा पिऊन डोकं दुखायचं थांबत नाही, एवढंच मी म्हणेन. गोरियानाची काळी पत्ती विकत घेतली, दूध घेतलं, खोलीतल्या छोट्या शेगडीवर आलं ठेचून चहा उकळला. मालकीणबाई वासाने आल्या. त्यांनी अर्धा कप घेतला, मान डोलावली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "शिक्स्टीन थर्टी!" यांनी कीर्ती आधीच पोचवली होती.

रात्री मात्र झोपेचं खोबरं व्हायचं. समुद्राच्या कड्यांवरून चमत्कारिक आवाज यायचे, नाकातून काढलेले, आव-आव-आ, आव-आव-आ, जणू चाळीच्या दोन्ही टोकांना कोणाचं तरी जुंपलंय. पहिल्या रात्री हे दचकून उठले. "अगं, कोणीतरी भांडतंय." ते कागारू नावाचे समुद्रपक्षी निघाले. दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की कड्यातल्या आपल्या बिळाशी. नराचा आवाज चिरका, मादीचा घोगरा. हिवाळ्यात दूर दक्षिणेच्या समुद्रांवर जातात आणि वसंतात परत त्याच कड्यावर, बहुतेक त्याच बिळाशी, त्याच जोडीदाराकडे येतात. अंडं एकच, आणि ते दोघांनी पाळीपाळीने उबवायचं. हे सगळं यांनी फोनवर वाचून दाखवलं, रात्री दोन वाजता, मोठ्याने, कारण बाहेरच्या गोंगाटात मला ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली. कागारूंच्या कड्यावर कोणी टकटक करत नाही.

सेते सिदादेश बाकी होतं. साऊ मिगेलच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतं ते हेच. विवरात दोन तळी, एक निळं, एक हिरवं, मधे पूल. राजकन्या आणि गुराखी यांची ताटातूट झाली, दोघं रडली, त्या आसवांची ही तळी, असं सांगतात. राजा कार्लोसने 1901 साली जिथून हे पाहिलं त्या जागेला विश्ता दो रेइ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांच्या नावाचे पॉइंट असतात तसलं. वर धुकं असलं की काही दिसत नाही, म्हणून बेटावरची माणसं निघण्यापूर्वी फोनवर वेबकॅम बघतात. यांच्या हाती हे लागल्यावर वही मिटली. सकाळी उठल्यापासून वेबकॅम. "आता पांढरं आहे." "आता करडं आहे." "अगं, आता निळं... नाही, गेलं." धरणाच्या पातळीवरसुद्धा त्यांनी इतकं लक्ष ठेवलं नसेल.

एकदा निळं दिसलं आणि टिकलं. आम्ही धावतपळत टॅक्सी करून वर पोचलो तोवर राजाच्या जागेवर कापसाची भिंत उभी होती. कठड्याला हात लावून उभे राहिलो. शेजारी छत्र्या घेतलेली पोर्तुगीज मंडळी सँडविच खात धुक्याकडे बघत होती. यांनी मुलीला फोन लावला.

"वेबकॅम उघड. आम्ही आत्ता तिथेच आहोत."

"उघडला, बाबा. सगळं पांढरं आहे."

"बरोबर आहे. इथूनही पांढरंच आहे."

"मग तुम्ही कुठे दिसताय? हात करा."

यांनी हात केला. मी पण केला. शेजारच्या आजोबांना वाटलं काहीतरी दिसलं असावं, म्हणून त्यांनीही छत्री हलवली.

"दिसतंय का गं?"

"नाही हो बाबा. खाली तरी बघा, तळं दिसतंय का?"

"तेच म्हणतोय मी, तुला दिसलं तर आम्हाला सांग."