अमूर्ताला जयंती नसते

निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं समूहशिल्प आहे. कोण कोण आहे, हे विचारावं लागत नाही. चिंचवडकरांना शिल्प म्हणजे असं लागतं; अमूर्त नको.

इंग्लंडात यॉर्कशरला १९७७ साली शिल्पउद्यान सुरू झालं. तिथे हेन्री मूरची ब्राँझची धुडं कुरणात पहुडलेली असतात आणि शेजारी मेंढ्या चरतात. मेंढ्या 'याचा अर्थ काय?' असं विचारत नाहीत. न्यूयॉर्कचे कर्मचारी मात्र चिडले. शिल्पकार रिचर्ड सेरानं १९८१ मध्ये कचेऱ्यांच्या चौकात १२० फूट लांबीची गंजकी पोलादी भिंत उभी केली होती. वळसा घालावा लागतो, ही मुख्य तक्रार. शेवटी १९८९ मध्ये ती उचलली. वळसा! आमच्याकडे कामावर जाणारा माणूस रोज तीन बॅरिकेड आणि एक खोदलेला रस्ता ओलांडतो, कलेची जाण असल्याशिवाय का?

आणि अमूर्त आम्हाला नवं नाही. शिवेवरचा तांदळा पाहा: ना नाक, ना डोळे. शेंदूर फासला की झाला देव.

शिवाय सोय बघा. अमूर्त शिल्पाला जयंती नसते, हार घालायला शिडी लागत नाही, चेहरा जमला नाही म्हणून मोर्चा निघत नाही. धोका एकच, भंगारवाल्याचा. म्हणून महापालिकेला विनंती: असं काही बसवलंच, तर खाली 'हे भंगार नाही' अशी पाटी लावा. पाटी पितळेची नको.