प्रामाणिक काका

ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता पाकीट हरवलं, तर देवाकडे एवढंच मागावं की ते चोरालाच मिळू दे. चोर पैसे काढून घेतो, उरलेलं रुळांवर नाहीतर टपालाच्या लाल पेटीत टाकतो आणि आपल्या वाटेला लागतो. आपण काय खातो-पितो, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण तेच पाकीट कोपरीच्या बाजूला उतरताना आमच्या काकांच्या पायाशी आलं, की आपली धडगत नाही. काका प्रामाणिक आहेत.

पूर्वेला उतरणारी झाडून सगळी माणसं समोर बघत चालतात. स्टेशनबाहेर सॅटिस पुलाचं काम सुरू झाल्यापासून तर बघावंच लागतं, नाहीतर कुठल्या पत्र्यावर नाक आपटेल याचा नेम नाही. काका मात्र खाली बघत चालतात. निवृत्तीनंतर त्यांनी आजवर अकरा पाकिटं, चार छत्र्या आणि एक कवळी ज्याची त्याला पोचवली आहे. कवळीच्या वेळी ते तीन संध्याकाळी पुलाच्या पायऱ्यांशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विनोद सांगत होते. चौथ्या दिवशी एक गृहस्थ तोंडावर हात ठेवून हसले आणि पकडले गेले.

माझं पाकीट गेलं ते कल्याणहून येणाऱ्या गर्दीत. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा चौदा डब्यांत चारशे माणसं होती म्हणे. हल्ली तेवढी आमच्या एकाच डब्यात असावीत. रात्री दहापर्यंत फलाट, पूल, तिकीटखिडकी असं सगळं धुंडाळलं आणि हात हलवत घरी आलो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. सकाळचा चहाही अगदी पांचट लागला. म्हटलं, डोक्याला घोर असला की तोंडाची चव जायचीच.

नऊच्या सुमाराला काकांचा निरोप आला. ‘पाकीट आहे. ओळख पटवायला यावे. येताना आधार कार्ड आणावे.’

आधार कार्ड पाकिटात होतं.

“काका, गेली वीस वर्षं आपण एकाच दुधाच्या रांगेत उभे राहतो,” मी म्हणालो.

“रांगेतली ओळख वेगळी, कायदेशीर ओळख वेगळी. बसा.”

टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर माझं पाकीट पोटातल्या ऐवजासकट मांडलं होतं. पोस्टमॉर्टेमला नातेवाइकाला बोलावल्यासारखं वाटलं.

“रोख किती?”

“तीनशे चाळीस.”

“तीनशे बेचाळीस. दोनाचं नाणं शिवणीत होतं. स्वतःच्या पैशाची माहिती नाही.” त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग स्टेशनवरच्या काट्याचं एक जुनं पुठ्ठ्याचं तिकीट चिमटीत धरून वर उचललं. “वजन चोपन्न किलो.” काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा तिकिटाकडे पाहिलं. “हे तुमचं?”

“लग्नाआधीचं आहे.”

“पुरावा म्हणून धरता येणार नाही.”

त्यापुढे साईबाबांचा फोटो, संपलेला पास, आणि लाँड्रीची अशी एक पावती, जिच्यावरचा शर्ट आणायचा राहूनच गेला होता. (लाँड्रीही आता नाही.) प्रत्येक कागदाची त्यांनी पाठपोट झेरॉक्स काढून ठेवली होती. “रेकॉर्डला,” ते म्हणाले, आणि झेरॉक्सचे बावीस रुपये माझ्यासमोर माझ्याच पाकिटातून काढून घेतले.

माझा चेहरा बघून त्यांनी वहीतून एक कात्रण काढलं. 2006 साली पनवेल लोकलमध्ये हरवलेलं एका प्रवाशाचं पाकीट लोहमार्ग पोलिसांना सापडलं आणि 2020 साली त्याला परत मिळालं. आत नऊशे रुपये होते. त्यातली पाचशेची नोट मधल्या नोटाबंदीत बाद झालेली, ती बदलून मिळायची होती. शंभर स्टॅम्प पेपरचे कापले. हातात आले तीनशे.

“तो माणूस आनंदाने घरी गेला,” काका म्हणाले. “तिथे चौदा वर्षं लागली, इथे चौदा तास. आणि कापले किती? बावीस.”

या हिशेबात मला खोट काढता येईना. मी सही केली, पाकीट उचललं आणि घाईघाईनं आतल्या कप्प्यात बोट घातलं. रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट होता. जेवणानंतरची साखर दोनशे साठ. त्यालाच चिकटून कोपरी कॉलनीतल्या मिठाईच्या दुकानाचं अर्धा किलो मावा बर्फीचं बिल होतं. दोन्हींची तारीख एकच. देवाचीच कृपा, काका यावर काही बोलले नव्हते.

दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला.

“आधारवरचा पत्ता खरा आहे. काल रात्री आठ वाजता मी स्वतः जाऊन खात्री करून आलो. तुम्ही स्टेशनवर शोधत होतात.”

“मग पाकीट तेव्हाच घरी द्यायचं की!”

“छे! मालकाच्या हाताशिवाय देत नाही मी. वहिनींना फक्त आतल्या वस्तू एकेक करून वाचून दाखवल्या.”

तेव्हा कुठे सकाळच्या चहाचा उलगडा झाला.