दप्तराचा ताबा

रात्रीचे दहा वाजून गेले होते. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर आमच्या सोसायटीतले ऑडिटरसाहेब. काखेत लाल कापडी पाठीची लांब वही.

"अहो, ट्रॅव्हलिंगला निघायची जागा पक्की ओळखीची लागते. पोचायची तितकी नसली तरी चालते. बरोबर?"

"कुठं निघालात? तिरुपती?"

"मी कुठं निघालोय? तो अँड्रोल निघालाय! आणि दार उघडलंय थेट ज्वालामुखीच्या पोटात."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. वहिनींना फोन करावा का, असंही मनात येऊन गेलं. पण साहेबांनी शांतपणे वही उघडली आणि विचारलं, "आता सांगा, लाव्हा दारातून अलीकडे येईल की नाही?"

ऑडिटरसाहेबांची सगळी नोकरी सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली. हौसिंग सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था. चहाच्या बिलावर तारीख नसेल तर तो चहा झालाच नाही असं मानणारा हा माणूस. कथा-कादंबऱ्यांच्या वाटेला ते साठीपर्यंत गेले नव्हते. "ज्याला व्हाउचर नाही ते कशाला वाचायचं?" म्हणायचे.

मग नातू शिकायला परदेशी गेला आणि मागे एक खोकं ठेवून गेला. त्यात रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेचे चौदा जाडजूड खंड. वहिनींनी रद्दीवाल्याला बोलावलं, त्याने तराजू काढला, आणि साहेब आडवे आले. "दप्तर तपासल्याशिवाय रद्दीत घालता येत नाही." त्या दिवशी इंग्रजी शब्दकोश आणि लांब वही घेऊन त्यांनी पहिला खंड उघडला. तो 1990 सालचा होता.

अशी माणसं आपल्याकडे नवीन नाहीत. कीर्तनात बुवांचं एखादं नातं चुकलं की खांबाला टेकून डुलक्या घेणारे जे आजोबा डोळे न उघडता दुरुस्ती सांगतात, ती हीच जात. जुन्या नाटकाचा नवा संच आला की तिसऱ्या रांगेत बसून "ही जागा अशी नव्हती" म्हणून पुटपुटणारेही यांचेच भाऊबंद. ऑडिटरसाहेबांनी फक्त या खोडीला चार रकाने आखले: पान, व्यवहार, नियम, आक्षेप.

आणि जॉर्डनच्या जादूत रकाने भरायला भरपूर माल होता. शक्ती एक, पण तिचे भाग दोन: पुरुषांना साइदीन, बायकांना साइदार. धागे पाच: पृथ्वी, वायू, अग्नी, जल आणि आत्मा. ट्रॅव्हलिंगचं, म्हणजे दूरच्या ठिकाणी जायचं, दार बायका उघडतात ते दोन जागा एकसारख्या करून, पुरुष उघडतात ते विश्वाच्या विणीला भोक पाडून. बेलफायर नावाच्या आगीत माणूस जळला की त्याने नुकतंच केलेलं कृत्यही पुसलं जातं. "म्हणजे मागील तारखेपासून रद्द!" साहेब खुशीत म्हणाले. जॉर्डन भौतिकशास्त्र शिकलेला आणि अमेरिकन नौदलासाठी अणु-अभियंता म्हणून काम केलेला, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "तरीच. टाचणं व्यवस्थित आहेत."

अकरा खंड तपासून झाले. अकरांनाही 'अ' वर्ग मिळाला. आणि मग बाराव्या खंडाच्या मुखपृष्ठावर एका नावाखाली दुसरं नाव दिसलं.

त्या संध्याकाळी साहेब बागेत एकटेच फेऱ्या मारत होते. "पदाधिकारी बदललाय," ते म्हणाले. आवाज असा, की जणू आमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी कपाटाच्या किल्ल्या घेऊन पसार झाला आहे.

मी त्यांना सांगितलं, की जॉर्डन सप्टेंबर 2007 मध्ये वारला. शेवटचं पुस्तक राहिलं होतं. ते पुरं करण्याचं काम ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला मिळालं.

"दप्तर कोणाच्या ताब्यात होतं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बाईंच्या. हॅरिएट मॅकडूगल. जॉर्डनची पत्नी आणि त्याची संपादकही."

"पत्नी आणि संपादक एकच?" साहेब थबकले. "मग तो माणूस आयुष्यभर सतत ऑडिटमध्ये होता."

जॉर्डनने शेवटच्या आजारपणात पुढची कथा सांगून ठेवली होती, अगदी शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला होता, टिपणांचे ढीग होते आणि ते ढीग ओळखणारे दोन सहायकही होते. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला. मात्र एका पुस्तकाचं काम 2009, 2010 आणि 2013 अशा तीन पुस्तकांत गेलं, हे कळल्यावर पुन्हा आठी पडली. "मंजुरी एका बिलाची, आणि लावली तीन!"

सँडरसनच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम निघाली. वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाने तिच्याकडून अडचणी सोडवून घ्याव्यात, असा नियम त्याने 2007 मध्येच एका लेखात मांडला होता. साहेबांनी तो लाल शाईने वहीच्या पहिल्या पानावर उतरवला आणि खाली स्वतःचं भाषांतर लिहिलं: 'आधी हिशेब दाखवा, मग खर्च करा.'

तरीही तपासणी कडकच झाली. सोसायटीत नवा सेक्रेटरी आला म्हणून उपविधी बदलत नाहीत, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि त्याच तपासणीत, चौदाव्या खंडात, तो अँड्रोल तावडीत सापडला. बाकी जादूत अगदी दुबळा, पण दारं उघडण्यात तरबेज. शेवटच्या लढाईत हा गडी दार उघडतो ते ड्रॅगनमाउंट या पर्वताच्या पोटात, आणि उसळता लाव्हा शत्रूच्या सैन्यावर सोडतो.

म्हणून रात्री दहाची ती बेल.

"अकरा खंडांत हे कोणाला सुचलं नाही," साहेब म्हणाले. "नियमात बसतं का?"

मी जरा विचार करून म्हटलं, "दार म्हणजे भोक. दाराच्या कडेने माणूस कापला जातो, हे जॉर्डननेच लिहिलंय. मग भोकातून माणूस जातो, घोडा जातो, तर लाव्हा का जाणार नाही?"

साहेब बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गच्ची पहिल्यापासून आपलीच होती. मोबाइल टॉवरला भाड्याने द्यायचं मात्र नव्या कमिटीला सुचलं." आणि आक्षेपाच्या रकान्यात लिहिलं: 'निरंक.'

मला वाटलं, आता त्यांना जरा आपल्याकडचं दप्तर दाखवावं. म्हटलं, "साहेब, आपण ज्या शब्दाने नॉव्हेलला हाक मारतो ना, ती 'कादंबरी' मुळात अशीच अर्धी राहिलेली. सातव्या शतकात बाणभट्ट ती लिहिता लिहिता गेला, आणि मुलाने पुरी केली. शाप, पुनर्जन्म, पोपट झालेला माणूस, सगळी जादूच."

"मुलाचं नाव?"

"भूषणभट्ट. काही ठिकाणी पुलिंद."

"नोंदीतच घोळ," ते म्हणाले, पण वही उघडली.

मी पुढे सांगितलं. मुलाच्या भागात चंद्राला मिळालेला शाप 'जन्मोजन्मी' असा आहे. आता शब्द दोनदा आला आहे, तेव्हा चंद्राला पृथ्वीवर निदान दोनदा तरी जन्मावंच लागणार, नाहीतर ती द्विरुक्ती वाया जाईल, असं चक्क कथेतच स्पष्टीकरण दिलं आहे. म्हणून तो एकदा चंद्रापीड होतो आणि एकदा शूद्रक राजा.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "पोराने शापाचं वाचन केलं! उपविधीसारखं!" बाणाच्या मुलाला त्या क्षणी त्यांनी नातू मानलं असावं. हाच मुलगा सुरुवातीला नम्रपणे सांगतो, की कवित्वाच्या घमेंडीने नव्हे, तर कथा अर्धवट राहिल्याचं सज्जनांना दुःख झालं म्हणून मी हे हाती घेतलं. ते ऐकल्यावर साहेब म्हणाले, "ताबा-पावतीवर अशी सही पाहिजे."

एवढं सगळं जुळल्यावर माणसाने आनंदात असायला हवं. पण साहेब खूश नव्हते. तीनही खंड तपासून झाले, वही भरली, तरी वर्ग देईनात. शेवटी कारण कळलं ते वहिनींकडून, जिन्यात.

"बाराव्या पुस्तकात ते हसलेच नाहीत हो."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, आधीची पुस्तकं वाचताना मधूनच हसायचे. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तो एक जुगारी मुलगा आहे म्हणे, आपण शूर नाही म्हणत म्हणत सगळ्यांच्या पुढे धावणारा. त्याचं पान आलं की हसायचे. बाराव्यात तो आहे, पण हे गप्प. आमच्या मालिकेत नटी बदलते ना, तेव्हा चेहऱ्याची सवय होते दोन दिवसांत. पण सासूला 'अहो आई' म्हणायची ती हाक वेगळी झाली, की मग ती सून वाटत नाही."

तो जुगारी म्हणजे मॅट कॉथन. जॉर्डनचा मॅट गंभीरपणे कुरकुर करतो आणि आपल्याला हसू येतं. बाराव्या खंडातला मॅट हसवायला निघालेला असतो. तो सुरुवातीला आपल्याला जमला नाही, हे सँडरसनने पुढे स्वतःच कबूल केलं. मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते नुसते हुंकारले आणि वही माझ्यापुढे सरकवली.

शेवटच्या पानावर एकच नोंद होती. व्यवहार: मॅट. नियमाचा रकाना कोरा. आक्षेप: 'हिशेब जुळतो. हसू येत नाही.'

"याला नियम कुठला लावू?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला असेल असं मला वाटत नाही. "जादू टिपणात सापडते हो. पाच धागे, दोन भाग, सगळं लिहून ठेवता येतं आणि दुसऱ्याच्या ताब्यात देता येतं. हे कसं द्यायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "तेराव्या खंडाचं काय?"

त्यांनी खालची बारीक अक्षरातली ओळ दाखवली. तिथे दोषदुरुस्ती म्हणून लिहिलं होतं: 'खंड 13, एकदा हसलो. खंड 14, तीनदा. अंशतः मान्य.'

मालिकेला शेवटी 'अ' वर्ग मिळाला. पण खोकं काही घराबाहेर गेलं नाही. परवा रद्दीवाला आला, तेव्हा साहेब गॅलरीत पहिला खंड पुन्हा उघडून बसले होते आणि वही मिटलेली होती. वहिनींनी दारातूनच त्याला परत पाठवलं, "ऑडिट चालू आहे."