बसल्या जागी लखपती

घरगुती व्यवसाय निवडताना एकच पथ्य पाळावं. व्यवसाय निवडणारा आणि तो करणारा माणूस एक नसावा. एकच असला की निवड उगाच रेंगाळते. तेलाचा पंधरा किलोचा डबा तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, भाजणी गिरणीत कोण नेणार, कढईत घाणा असताना बेल वाजली तर दार कोण उघडणार, असल्या क्षुल्लक गोष्टी त्याला आधीच दिसायला लागतात. ज्याने नुसतंच निवडायचं असतं, त्याची दृष्टी स्वच्छ असते. त्याला थेट तिसऱ्या वर्षीची उलाढाल दिसते.

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमधले काका अशा स्वच्छ दृष्टीचे आहेत. छत्तीस वर्षं रोज सकाळी लोकलला लटकून ते नोकरीला गेले. त्यामुळे स्वतःचं घर दिवसाउजेडी नीट पाहायला मिळालं ते निवृत्तीनंतरच. पाहणीत त्यांना असं आढळलं, की दुपारी दोन ते चार या वेळात घरातलं मनुष्यबळ पडून असतं. मनुष्यबळ म्हणजे काकू. काकांनी संध्याकाळीच नवी वही उघडली.

व्यवसाय आवडीचा निवडावा, असं तज्ज्ञ सांगतात. आवड ओळखायची आपल्याकडची पद्धत सोपी आहे. बाईने जे काम तीस वर्षं कुणी न विचारता केलं, ती तिची आवड. या हिशेबाने काकूंना चकल्या, लोणची, कुरडया, दोन बाळंतपणं आणि नणंदेचे रुसवेफुगवे एवढ्या सगळ्याची आवड निघाली. तसं म्हटलं तर काकू कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या आणि ते त्यांना अजूनही आवडतं. पण टेबल टेनिसचं पॅकिंग कसं करणार, या मुद्द्यावर तो विषय मागे पडला.

तरी काका एकदम चकलीवर आले नाहीत. आधी त्यांनी पेन्सिली पाहिल्या. ‘घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना 30 हजार’ हा निरोप तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. वर नामांकित कंपनीचं चोरलेलं चिन्ह, खाली एका अनोळखी माणसाचा नंबर. आधी नोंदणीचे पैसे भरायचे, मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे. पेन्सिली खोक्यात भरायला कारखान्यात यंत्र असतं. ते सोडून कोणी डोंबिवलीला पोतं पाठवील आणि भरलेली खोकी परत नेईल, हा विचार मनात येण्याआधीच तिसरा हप्ता गेलेला असतो. बाकी धंदा घरबसल्या चालतो हे मात्र खरं. फक्त ते घर दुसऱ्याचं असतं.

पेन्सिलींनंतर धिंगरी आळिंबी, म्हणजे मशरूम. तिचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्रही आलं, ते फ्रेम होऊन देवघराशेजारी लागलं. भाताच्या पेंढ्याच्या पिशव्या बाथरूममध्ये टांगल्या. धिंगरीचा दोष एवढाच, की ती खरोखरच उगवते. उगवली की दोन दिवसांत खपली पाहिजे, आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला विचारतो, “बटन नाय का?” त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एकही घर धिंगरीवाचून राहिलं नाही. पैसे द्यावे लागले नाहीत ही त्यातली चांगली बाजू, अर्थात आमच्या दृष्टीने.

मग काकांच्या वहीत कडकनाथ आला. हा झाबुआचा काळा, जातिवंत कोंबडा. 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. पण 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडे त्याच्या नावाने जो घोटाळा झाला तो वाचून काकांनी पान उलटलं. त्याआधी इमूचंही हेच झालं होतं. या धंद्याची रचना मोठी देखणी असते. तुम्हाला पिल्लं विकणाराच सांगतो, की मोठी झाली की चढ्या भावाने मीच परत घेईन. काही दिवस घेतोही, आणि पुढच्या पाळणाऱ्याला विकतो. तो त्याच्या पुढच्याला. अंडं खाणारा माणूस या साखळीत कुठेच नसतो, त्यामुळे चवीबद्दल एकही तक्रार येत नाही. तक्रार येते ती एकदमच, पोलीस ठाण्यात.

रेझिनचे ट्रे, सुगंधी मेणबत्त्या आणि चॉकलेटं काकांनी एका दुपारी निकालात काढली. त्यांच्या लक्षात आलं, की हे शिकलेल्या बायकांचा माल शिकलेल्या बायकाच घेतात, आणि पैसे शिकवणारी नेते. शिकवण्यांचा विचार होता, पण जिन्यात पोरांच्या चपला पडतात म्हणून सेक्रेटरींनी आधीच नोटीस लावलेली. फॉल-पिकोला काकूंचे डोळे तयार नव्हते. म्हणून शेवटी चकली.

भांडवलाचा प्रश्न नव्हता. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, आणि साठीनंतर आपली शिशू गटात गणना होते याचा काकांना मनापासून आनंद झाला. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. काकांनी ती पैसे देऊन एजंटाकडून करून घेतली, कारण फुकटच्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. अन्नसुरक्षेची छोट्या उद्योगाची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत झाली. अडलं ते सिलिंडरवर. घरातला लाल, 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. धंद्यासाठी निळा, 19 किलोचा घ्यावा लागतो. आता काकू सकाळी आमटी करतात ती कशावर आणि दुपारी चकली तळतात ती कशावर, हे बघायला कोण येतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. ते मत इथे छापू नये असंही पडलं होतं.

यानंतर काकांनी खर्चाचा हिशेब मांडला. एक किलो चकली. भाजणी, तेल, गॅस, डबा, स्टिकर मिळून 290. विक्री 480. निव्वळ नफा 190. मजुरीचा रकाना होता, नाही असं नाही. त्यात काकांनी आडवी रेघ मारली. छत्तीस वर्षं महागाई भत्त्यासाठी फलक घेऊन गेटवर उभ्या राहिलेल्या माणसाने ती रेघ इतक्या सहज मारली, की हाताला सवय असावी असंच वाटलं.

काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोळ्यांच्या मावशींना सहज विचारलं, की चकलीचं काम घेतलंत तर किती घ्याल. मावशींनी कणीक तिंबत तिंबत चार प्रश्न टाकले. भाजणी तयार देणार का मी भाजायची? सोऱ्या पितळेचा का लाकडी? तळून नुसतं ठेवायचं का डबे भरायचे? आणि दिवाळीच्या आधी का नंतर? “नंतर असंल तर किलोला 120. दिवाळीच्या आठवड्यात 150, आणि मधी चहा.” त्या घरात अर्थशास्त्र कळणारी एकच व्यक्ती आहे आणि ती सकाळी दोन तास येते.

काकांनी 190 मधून 150 वजा केले. उरले 40. त्यातून चकलीचा तुकडा पडला म्हणून परत आलेले डबे, पलावा वसाहतीपर्यंत पोचवायचं रिक्षाभाडं, आणि “घरचंच आहे ना, आमच्याकडून काय घेता” म्हणणारे नातेवाईक वजा करायचे होते. हे नातेवाईक तेच, जे गेल्या दिवाळीत चौथी चकली उचलताना “काकू, तुम्ही खरंच बिझनेस करा हो” म्हणाले होते. काका दचकून म्हणाले, “अगं, मग हे परवडतच नाही!” म्हणजे धंदा चकलीवर उभा नव्हताच. तो त्या आडव्या रेघेवर उभा होता.

आपल्याकडचे बहुतेक घरगुती उद्योग, माझ्या मते, याच रेघेवर उभे असतात, आणि वर त्यांचे सत्कार होतात.

सत्काराच्या भाषणात लिज्जत पापडाची गोष्ट असतेच. काकांनीही ती पाठ केली आहे. 15 मार्च 1959, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका, उसने आणलेले 80 रुपये आणि आज केवढा डोलारा! वक्ते ही गोष्ट 80 रुपयांपर्यंत फार रंगवून सांगतात आणि तिथून थेट डोलाऱ्यावर उडी मारतात. मधला भाग त्यांना रटाळ वाटतो. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. काकूंनी हे ऐकून आपल्या दिवाणाकडे पाहिलं, तेव्हा काकांनी विषय बदलला. याहून रटाळ भाग असा, की तिथे लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे लाटण्याचे पैसे मिळतात आणि संस्थेची मालकीही तिचीच असते. तिथे मजुरीच्या रकान्यात कोणी आडवी रेघ मारली नव्हती.

तर चकलीचा बेत बारगळला. पण काका हरणारे नाहीत. इतका अभ्यास वाया कसा घालवायचा? तेव्हा त्यांना साजेसा घरगुती व्यवसाय शेवटी सापडला आहे. येत्या रविवारी दुपारी दोन ते चार, त्यांच्याच हॉलमध्ये, ‘आपल्याला साजेसा घरगुती व्यवसाय कसा निवडावा’ ही कार्यशाळा. शुल्क माणशी 300, जोडप्याला सवलत, प्रमाणपत्रासह. नावनोंदणी जोरात आहे. नाव नोंदवणारे बहुतेक निवृत्त पुरुष आहेत आणि प्रत्येक जण बायकोसाठी विचारतोय.

शुल्कात चहा आणि चकलीची प्लेट धरलेली आहे. काकूंनी तीस प्लेटचं अंदाजपत्रक काकांच्या हातात दिलंय. साहित्य, गॅस, दुपारच्या झोपेचा आकार वेगळा, आणि मजुरी दिवाळीच्या दराने. अर्धे पैसे आधी. काका म्हणाले, “अगं, घरचंच आहे ना.” काकू म्हणाल्या, मग पावती नको का?