पदवीधर सोडून सगळे तयार

विद्यापीठात परीक्षेची तयारी विद्यार्थी करतात, तीही आदल्या रात्री. निकालाची तयारी कोणीच करत नाही. तो आपला लागतो, लागायचा तेव्हा. पदवीप्रदान समारंभाची तयारी मात्र अख्खं विद्यापीठ करतं आणि त्या काळात दुसरं काहीही करत नाही. वर्षभर डोक्याला लागणारी वायर एका सकाळी भिंतीत खोचली जाते. प्रसाधनगृहाला कडी बसते. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. चुन्याचा पट्टा कुठल्या झाडाशी संपतो ते पाहिलं, की पाहुण्यांची गाडी कुठपर्यंत येणार हे पत्रिका न वाचताही कळतं.

तारीख विद्यापीठ ठरवत नाही. विद्यापीठ तीन तारखा 'सुचवतं' आणि पाहुण्यांचे स्वीय सहायक त्यांतली एकही न निवडता चौथी कळवतात. विद्यार्थी पदवीला पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत त्याला पदवी मिळाली पाहिजे, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ सालचा नियम आहे. नियम चांगला आहे. पाहुण्यांच्या डायरीला तो लागू नाही, एवढंच. राज्यपाल कुलपती, म्हणून आधी त्यांना विचारायचं. ते येणार तर शिक्षणमंत्र्यांना वगळून कसं चालेल? ते येणार म्हटल्यावर पालकमंत्री रुसतील. तोवर ज्याच्या पदवीसाठी हे सगळं चाललंय तो मुलगा तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन तिसऱ्या मुलाखतीला जाऊन आलेला असतो आणि तिथल्या बाई त्याला 'ओरिजनल कधी मिळेल?' असं विचारत असतात. त्याने काय सांगावं? पालकमंत्र्यांचा दौरा ठरल्यावर?

तारीख मिळाली की समित्या निघतात. स्वागत समिती, बैठकव्यवस्था समिती, पुष्पगुच्छ समिती, स्मृतिचिन्ह समिती, भोजन समिती आणि या सगळ्यांनी एकमेकींना फोन करावेत म्हणून एक समन्वय समिती. भोजन समितीवर जाण्यासाठी विभागप्रमुख सेवाज्येष्ठता काढतात. शिस्त समिती कोणालाच नको असते, म्हणून ती तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडते. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचेच पैसे. समारंभाच्या दिवशी तास होत नाहीत, तेव्हा पैसेही नाहीत. यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे सेट-नेट आहे, पीएच.डी. आहे, म्हणजे अशाच एखाद्या व्यासपीठावरून पदवी घेऊन, फोटो काढून ते कधी तरी खाली उतरलेले आहेत. उतरले ते उतरलेच. आता गळ्यात 'स्वयंसेवक' असं ओळखपत्र अडकवून ते नव्या पदवीधरांना 'सरका, पुढच्या ओळीत सरका' म्हणत फिरतात. पदवीनंतर काय होतं हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने पाहुण्यांपेक्षा यांना गाठावं. कार्यक्रमपत्रिकेत मात्र प्रश्नोत्तरांना जागा नसते.

निमंत्रणपत्रिकेवर विद्यापीठात जितकी विद्वत्ता खर्च होते तितकी प्रबंधांवर होत नाही. प्रश्नपत्रिकेत चूक निघाली तर पर्यवेक्षक वर्गावर्गात जाऊन फळ्यावर दुरुस्ती लिहितात आणि पोरं ती निमूट उतरवून घेतात. पत्रिकेत एखाद्या आमदारांचं नाव अधिष्ठात्यांच्या खाली गेलं तर फळा कामाचा नाही. म्हणून मसुदा राजशिष्टाचारातून फिरून येतो, 'मा.' लिहायचं की 'ना.' यावर खल होतो, कोणाच्या फोटोचा गोल किती मोठा हे ठरतं. पदवीधराचा उल्लेख सर्वांत खाली, भिंगाने वाचावा अशा टाइपात: स्नातकांनी सकाळी साडेआठ वाजता स्थानापन्न व्हावे. समारंभ अकराचा. पाहुणे साडेबाराला येतात.

पोशाखाचा प्रश्न मात्र विद्यापीठाच्या आवाक्यातला नाही. तो राष्ट्रीय प्रश्न आहे. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्त समारंभात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी भर व्यासपीठावर अंगातला झगा काढला आणि ही वसाहतकाळातली रानटी प्रथा असल्याचं सुनावलं. एप्रिलमधलं भोपाळ ज्यांनी अनुभवलंय त्यांना यामागे निव्वळ इतिहासाचं चिंतन होतं असं वाटणार नाही. २०१५ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांना हातमागाच्या कापडाचा पोशाख वापरा असं कळवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून स्थानिक परंपरेतला पोशाख शोधायला सांगितलं. म्हणजे सरकार बदललं, खातं बदललं, झग्याची हकालपट्टी काही थांबली नाही; आणि अजूनही विद्यापीठाच्या फाटकासमोर तो अनामत रकमेवर भाड्याने मिळतो. मापं दोनच, लांब आणि फार लांब.

पुण्यात तर झगा खरोखरच गेला. त्याच्या जागी कुर्ता आणि उपरणं आलं, डोक्यावर पुणेरी पगडी आली. आता हे संपूर्ण स्वदेशी झालं म्हणून कुलगुरू कार्यालय निश्वास टाकतंय, तोच विद्यार्थी संघटनांनी विचारलं: विद्यापीठ सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं, मग पगडी फुल्यांची का नाही? प्रश्न बिनतोड होता. जानेवारी २०१९ च्या समारंभात त्यावरून घोषणा झाल्या, आणि त्या वर्षीच्या कोणत्याही संशोधनापेक्षा त्या वर्षीच्या पगडीची वर्तमानपत्रांनी जास्त दखल घेतली. माझं स्वतःचं मत म्हणाल तर प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने आहे. पण इंग्रजांचा झगा आपण इतकी वर्षं बिनतक्रार का घातला, याचं उत्तरही मला त्या दिवशी मिळालं. त्या झग्याला घाम होता, जात नव्हती.

पोशाखानंतर सुरक्षा. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या समारंभात बीना दास यांनी बंगालचे गव्हर्नर आणि विद्यापीठाचे कुलपती स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पिस्तूल झाडलं. त्या स्वतःची पदवी घ्यायला आल्या होत्या. नेम चुकला, नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि पदवी अडकली. ती विद्यापीठाने दिली २०१२ मध्ये, मरणोत्तर, म्हणजे ८० वर्षांनी. आपल्या अडकलेल्या प्रमाणपत्रासाठी खिडकीवर हेलपाटे घालणाऱ्यांनी विद्यापीठांची स्मरणशक्ती कमी लेखू नये.

आता पिस्तुलाची भीती उरलेली नाही. भीती उरली आहे काळ्या रंगाची. मोठे पाहुणे येणार असले की दारावर काळा रुमाल, काळी ओढणी काढून घेतात. न जाणो, आत गेल्यावर तिचा झेंडा व्हायचा. एका समारंभात एका पोराला मोजे काढायला लावलेले मी पाहिले. त्याचे काळे मोजे जप्त झाले, आणि आत गेल्यावर त्याच पोराला मानेपासून घोट्यापर्यंत काळा झगा चढवण्यात आला.

आदल्या दिवशी रंगीत तालीम. ही विद्वत्-मिरवणुकीची. सर्वांत पुढे परीक्षा विभागाचे संचालक, हातात ज्ञानदंड. मागे अधिष्ठाते, मग व्यवस्थापन परिषद, सर्वांत शेवटी कुलगुरू. वयाची पन्नाशी ओलांडलेली ही मंडळी दोन-दोनच्या जोडीने सभागृहाच्या मधल्या वाटेवरून चार वेळा जातात-येतात, कोणी कोणत्या पायरीवर उजवीकडे वळायचं ते पाठ करतात, आणि कवायत घेणारा राष्ट्रीय छात्र सेनेचा पोरगा 'सर, हात हलवू नका' असं म्हणून पाच वर्षांचे उट्टे काढतो. ज्या खिडकीवर त्याने 'पुढच्या आठवड्यात या' हे वाक्य ऐकलं, तिचे प्रमुख आज त्याच्या शिट्टीवर चालतात. मिरवणुकीचा वेग मात्र विभागाच्या वेगाशी जुळणाराच ठेवतात.

सभागृह कसं असावं, हे मुंबई विद्यापीठाकडून शिकावं. फोर्टमधलं कावसजी जहांगीर सभागृह जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आखलं. साहेबांनी मुंबईत पाऊलही टाकलं नाही; न येता मार्गदर्शन करण्याची विद्यापीठीय परंपरा किती जुनी आहे ते यावरून ध्यानात येतं. सभागृह पुरं झालं १८७४ मध्ये. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर पदवीधर झाले १८६२ मध्ये. म्हणजे त्यांना पदवी मिळाली तेव्हा हे सभागृह नव्हतं, शेजारचा राजाबाई टॉवर तर त्याहून पुढचा. तरी त्यांचं शिक्षण पक्कं झालं असावं असा अंदाज आहे. त्या सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. पदवी हाती पडल्यावर नोकरीचं काय, ही चौकशी कुठे करायची ते स्कॉटसाहेबांनी तेव्हाच भिंतीत बसवून ठेवलं.

भाषणाची तयारी कोणी करत नाही, कारण ते तयारच असतं. 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' हे वाक्य ज्यांनी आयुष्यभर सरकारी पगार घेतला तेच सर्वांत ठणकावून म्हणतात. विवेकानंद येतात, कलाम येतात, शेवटी स्टीव्ह जॉब्स येतातच. जॉब्स यांनी २००५ साली स्टॅनफर्डच्या समारंभात भाषण केलं होतं, हे खरं. आपण कधी कुठल्या विद्यापीठाचे पदवीधर झालोच नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. आपल्याकडे भाषण मागवून घेताना तो भाग गाळतात.

आणि पदवी? ती या सगळ्यात कुठे तरी होऊन जाते. अधिष्ठाते उभे राहून आपल्या विद्याशाखेच्या स्नातकांना पदवी द्यावी अशी विनंती करतात, अध्यक्ष एका वाक्यात ती देतात, आणि हजारो माणसं जागच्या जागी पदवीधर होतात. व्यासपीठावर जायला मिळतं ते सुवर्णपदकवाल्यांना आणि पीएच.डी.वाल्यांना. त्यांच्याही हातात पाहुणे जी मखमली फाइल ठेवतात ती पुष्कळदा रिकामी असते. आतला कागद झगा परत केल्याची पावती दाखवून मागच्या काउंटरवर घ्यायचा. फाइल उघडायची नसते, फोटोकडे बघून हसायचं असतं. ऑगस्ट २०२० मध्ये करोनाच्या काळात मुंबईच्या आयआयटीने विद्यार्थ्यांच्या आभासी प्रतिमा तयार करून संचालकांच्या आभासी प्रतिमेच्या हस्ते पदव्या देवविल्या. लोकांना तो तंत्रज्ञानाचा चमत्कार वाटला. रिकामी फाइल घेऊन उतरलेल्यांना त्यात विशेष काही वाटलं नसणार.

कागद तरी नीट असावा ना! जानेवारी २०२५ मध्ये मुंबई विद्यापीठाने दिलेल्या पदवी प्रमाणपत्रांवर बोधचिन्हात विद्यापीठाचंच इंग्रजी नाव चुकलेलं निघालं. मधे एक 'ए' आगंतुकासारखा घुसला आणि 'मुंबई'ची 'मुमाबाई' झाली. मांडव तपासला होता, पत्रिका तपासली होती, पाहुण्यांच्या नावामागचा 'मा.' तीन जणांनी तपासला असेल. स्वतःचं नाव तपासायला समिती नेमायची राहून गेली. छपाईची चूक आहे, प्रमाणपत्रं बदलून देऊ, असं विद्यापीठाने सांगितलं. भल्यापणाने सांगितलं. पण हाच नियम उलट दिशेने चालत नाही. कोणत्याही विद्यापीठात विद्यार्थ्याच्या नावात एक वेलांटी चुकू द्या. मग अर्ज लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं, शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत लागते, शुल्काचं चलन लागतं, आणि चूक विद्यापीठाची होती हे विद्यार्थ्याला सिद्ध करावं लागतं.

तेव्हा यंदा तुमच्या घरात कोणी पदवी घ्यायला निघालं असेल तर त्याला इस्त्रीचा शर्ट द्या, पांढरे मोजे द्या, पाण्याची बाटली आणि एक वेळचा डबा द्या. फोटो, सेल्फी, हवेत टोप्या उडवणं हे सगळं मागाहून करायला सांगा. टोपीचीही अनामत असते. आधी काउंटरवर जायचं, प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून उघडायचं, मागची रांग कितीही ओरडली तरी. स्वतःचं नाव वाचायचं, आईचं नाव वाचायचं, श्रेणी आणि वर्ष बघायचं, आणि सही करण्यापूर्वी विद्यापीठाचं नावही एकदा अक्षर लावून वाचायचं.