अलिबागहून आलात का?

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मुंबईने त्यात पाचव्याची भर घातली, समोरच्याचा पत्ता. वाद अंगाशी यायला लागला की विचारायचं, "अलिबागहून आलायस का?" म्हणणं खरं की खोटं हे तपासण्याची कटकटच मिटते; गडी कुठल्या धक्क्यावर उतरला तेवढं बघायचं.

2019 साली एका अलिबागकराने या वाक्प्रचारावर बंदी मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगितलं. सल्ला चांगलाच आहे. फक्त न्यायालय मुंबईत आहे, एवढं नम्रपणे नोंदवतो. (पाहिलंत? पाचवं प्रमाण आम्हालाही जमायला लागलं.)

आता जरा मागे जाऊ. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा मुंबईत, कुलाब्याला होती. घोड्यांच्या ट्रामशी तिथल्या सुईचं काही भांडण नव्हतं. पण शहराने विजेच्या ट्राम आणायचं ठरवलं आणि सुई बहकणार हे दिसू लागलं. मग 1904 साली अलिबागला लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा सुरू झाली. म्हणजे मुंबईच्या सुईला डोकं ठिकाणावर ठेवायला अलिबागला यावं लागलं. त्यातही कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, आकड्यांत फरक कुठे आणि किती पडतो ते पाहिलं, मग कुलाब्याच्या सुईला निरोप. मतभेदाला दोन वर्षं! आमच्या सोसायटीच्या सभेत दोन मिनिटांत खुर्ची उचलली जाते.

मागच्या पंचमीला दुपारी एकच्या सुमारास अलिबागच्या किनाऱ्यावर उभा होतो. एक पाहुणे सहकुटुंब तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला निघालेले. घोडागाडीवाल्या काकांनी बोटाच्या पेरांवर हिशेब केला. "आज पंचमी. पाच त्रिक पंधरा, त्याचा चौथा हिस्सा. पावणेचारला पुरी भरती. आता जाल, पण येताना पोहत याल."

पाहुण्यांनी मोबाइल काढला. बराच वेळ बोट फिरवलं आणि चेहरा उजळला. "तीन एकावन्न! सहा मिनिटांनी चुकलात, काका."

"चुकलो असेन," काका म्हणाले.

ज्याची सहा मिनिटं चुकतात त्याचं काय ऐकायचं? पाहुण्यांनी पँटा गुडघ्यापर्यंत दुमडल्या. पाण्यात पाय घालता घालता मागे वळून हसत विचारलंच, "काय काका, अलिबागहून आलात का?"

"आलो नाय," काका घोड्याचा लगाम सैल करत म्हणाले, "हितलाच हाय."

पावणेचारला, बरं, तीन एकावन्नला म्हणू, किल्ल्याच्या दरवाजातून कुणीतरी रुमाल हलवत होतं.