वजनदार माणसाची कोकणवारी

पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला स्कूटरने जावं, पावसाळा सरता सरता जावं, वाटेत धबधबे पाहावेत, असं सांगणारे हितचिंतक गल्लोगल्ली भेटतात. हे सगळे साठ-पासष्ट किलोचे असतात. शंभर किलोच्या माणसाला या मार्गावर धबधबा दिसत नाही. त्याला पुढच्या चाकासमोरचा दहा हात रस्ता दिसतो आणि त्यात जे काही उंच-सखल असेल ते आपल्याच नावाने तिथे ठेवलंय याची त्याला खात्री असते. आम्हा वजनदार मंडळींच्या प्रवासाचा विचका झाला की दोष एकतर रस्त्याला दिला जातो, नाहीतर आमच्या पोटाला. माझं म्हणणं असं की खरा गुन्हेगार तिसराच आहे. पुढच्या चिमट्याच्या नळ्यांत, काळ्या पडलेल्या तेलात बुडालेली ती स्प्रिंग कुणा दुसऱ्याच माणसासाठी वळलेली आहे. ती बदलावी. बाकी सगळे उपाय म्हणजे वेळ मारून नेणं.

आधी गतिरोधकाचं पाहू, कारण पिरंगुट-पौडच्या बाजूला निघालं की निसर्गाच्या आधी तोच भेटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि गोलसर असावा. ताशी 25 किलोमीटरने वाहन त्यावरून सुखाने जावं हा त्यामागचा हिशेब. गावकऱ्यांनी उरलेल्या डांबरातून एका रात्रीत घातलेल्या गतिरोधकाने ही सूचना वाचलेली नसते. त्याची उंची कधी कधी नियमात बसते, रुंदी मात्र हातभर असते, आणि पांढरे पट्टे मारायचं काम पुढच्या आमदारावर सोडलेलं असतं. आता स्कूटरच्या पुढच्या चाकाची वर-खाली होण्याची चाल असते साधारण 8 ते 10 सेंटिमीटर. म्हणजे अडथळा आणि त्याला द्यायचं उत्तर दोन्ही एकाच मापाचे. त्यातली निम्मी चाल बसल्या बसल्याच खर्च झाली असेल तर पुढे काय होणार ते उघड आहे. चाक वर येतं, स्प्रिंग दबते, आणखी दबायला जागा उरत नाही, आणि खालून ‘खाड्’ असा जो आवाज येतो तो लोखंडाने लोखंडाला दिलेला असतो. धक्का हँडलमधून मनगटात, मनगटातून खांद्यात, खांद्यातून मानेत जातो. मागे बसलेली व्यक्ती या क्षणी ‘जरा हळू’ म्हणते. जरा हळूच चाललेलं असतं.

यावर पहिला आक्षेप समंजस माणसाचा असतो. स्कूटरवर चालकाचं वजन मागच्या चाकावर जास्त पडतं, मग पुढची स्प्रिंग कशाला बदलायची, मागचा शॉकअप कडक करा. आक्षेप खोटा नाही, आणि मागचंही पाहावंच. पण तो उभ्या स्कूटरला लागू आहे आणि कोकणात उभ्या स्कूटरने जाता येत नाही. हिशेब मांडू. 106 किलोची स्कूटर, दोन चाकांत 126 सेंटिमीटर अंतर, माणसासकट भाराचा मध्य जमिनीपासून अंदाजे 60 सेंटिमीटरवर धरू. चालक 65 किलोचा असेल आणि त्याने जरा जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या ताकदीने ब्रेक दाबला तर मागचा सुमारे 41 किलोचा भार उचलून पुढच्या चाकावर येतो. 100 किलोचा असेल तर 49 किलोचा. म्हणजे ब्रेकचे 8 किलो जादा. शिवाय जादाच्या 35 किलोंपैकी एक तृतीयांश नुसतं बसतानाच पुढे पडलेले असतात, ते 12. झाले 20. समजा पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर 10 किलोला एक सेंटिमीटर दबतात. तर नऊ सेंटिमीटरच्या चालीतले दोन आपण इतरांपेक्षा जास्त खाल्ले. जेवणाच्या पंगतीत कुणी एवढं मोजत नाही, रस्ता मोजतो. घाटाच्या उतारावर, पंधरास एक असा साधा उतार धरला तरी, आणखी सहा-सात किलो पुढे सरकतात. आणि उतारावरच्या वळणात पुढचं चाक असं दबून बसलं की हँडल बिचकतं, कारण चिमट्याचा तिरकेपणा कमी होतो आणि चाकाला सरळ ठेवणारी ओढही त्याबरोबर घटते.

उतार यायच्या आधी मुळशीचं पाणी लागतं. 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालं, गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली. या काठावर शॉकअपबद्दल तक्रार करायची लाज वाटावी. पुढचा गतिरोधक येईपर्यंत ती वाटते.

आता गॅरेजमधले उपाय. ‘साहेब, वॉशर टाकू’ हा पहिला. स्प्रिंगच्या डोक्यावर वॉशर किंवा पाइपचा तुकडा बसवायचा, म्हणजे ती आधीपासूनच थोडी दाबलेली राहते आणि स्कूटरचं नाक वर येतं. डोळ्याला फरक दिसतो, पैसे वसूल वाटतात. पण स्प्रिंगचा कडकपणा त्याने तसूभरही वाढत नाही. पट्टा एक भोक पुढे आवळला म्हणून पोट कमी होत नाही. रॉबर्ट हूकने 1678 साली छापून ठेवलं की स्प्रिंगचं ताणणं-दबणं लावलेल्या जोराच्या प्रमाणात असतं. ते प्रमाण ठरतं तारेने आणि वेढ्यांनी. वॉशरला त्यात मत नाही. दुसरा उपाय जाड ऑइलचा. ऑइल स्प्रिंगची हालचाल मंदावतं, वजन पेलत नाही. जड माणूस जाड ऑइलवर बसला की तो तेवढाच खाली जातो, फक्त सावकाश जातो. आणि ओळीने खड्डे आले की स्प्रिंगला परत वर यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक खड्ड्याला ती आधीपेक्षा खालीच सापडते. तिसरा उपाय टायरमधली हवा कमी करण्याचा. तो सुचवणाऱ्याने पंक्चरचंही दुकान टाकलेलं आहे का, एवढं पाहून घ्यावं.

स्प्रिंगच बदलायची म्हणजे किती बदलायची, हे कळलं की मला या यंत्राबद्दल एकदम माया वाटू लागते. तारेचा व्यास कडकपणाच्या हिशेबात चौथ्या घाताने येतो. वेढे तेवढेच, गोलाई तीच, आणि तार 4 मिलिमीटरऐवजी 4.2 ची घेतली तर स्प्रिंग एकवीस-बावीस टक्क्यांनी कडक होते. पस्तीस किलोंचा प्रश्न मिलिमीटरच्या दोन दशांशांत सुटतो. आमच्यासाठी इतक्या थोडक्यात कुणी काही केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. स्कूटरसाठी अशा तयार स्प्रिंगा दुकानात सहसा मिळत नाहीत, पण पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात माप दिलं तर वळून देणारी वर्कशॉपं आहेत. जुनी स्प्रिंग बाहेर काढून वर्तमानपत्रावर नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तर दोघींत फरक दिसत नाही. व्हर्नियर लावावा लागतो. जुनीच्या अंगावरून गळणारं ऑइल मात्र आधी लालसर होतं यावर विश्वास बसू नये इतकं राखाडी झालेलं असतं, आणि त्यात धातूची चमचमणारी पूड असते. नव्या स्प्रिंगबरोबर ऑइल एक पायरी जाड घ्यावं, कारण कडक स्प्रिंग परत उसळतेही जोरात. जाड ऑइलची बाजू इथे मी मान्य करतो, पण स्प्रिंगचा साथीदार म्हणून, बदली कामगार म्हणून नाही.

‘कडक केली की आणखी दणके बसतील’ हा आक्षेप या टप्प्यावर हमखास येतो. हलक्या माणसाला बसतील, अगदी खरं. जड माणसाला कमी बसतील, कारण त्याचे दणके मुळात स्प्रिंगचे नसतातच. स्प्रिंग संपल्यानंतरचे असतात. खात्री करायला एक केबल टाय पुरतो. चिमट्याच्या चकचकीत नळीवर तो हलका आवळून ऑइल सीलला टेकवून ठेवायचा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून यायचं. स्प्रिंग जिथवर दबली तिथवर तो सरकून राहतो. प्रत्येक फेरीत टोकाला जाऊन बसत असेल तर स्प्रिंग मऊ आहे. निम्म्याच्या पुढे कधीच जात नसेल तर हौस जास्त झाली आणि चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी उड्या मारत चाललंय. चालक बसल्यावर एकूण चालीचा एक तृतीयांश भाग खर्च व्हावा, हा सर्वसाधारण दंडक. मोजायला दोन मदतनीस लागतात, एक स्कूटर धरायला, एक टेप धरायला, आणि दोघांनीही आकडा मोठ्याने वाचू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र इतिहासातून येतो. 1972 पासून आकुर्डीत बनलेल्या चेतकवर चार-चार जणांचं कुटुंब जात असे, तेव्हा कुणी स्प्रिंगा बदलल्या? नाही बदलल्या. पुढे उभं पोर, मध्ये बाबा, मागे तिरकी बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटं, आणि पायाशी पिशवी. पण त्या स्कूटरचे ड्रम ब्रेक आजच्या मानाने बेताचे, वेग बेताचा, त्यामुळे पुढे सरकणारा भारही बेताचा. आणि तरीही ब्रेक दाबला की ती नाक खुपसायचीच, हे त्या पुढे उभ्या पोराला विचारावं. स्पीडोमीटर हनुवटीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी हँडलचा मधला भाग धरून तेच अख्ख्या कुटुंबाचा शॉकअप झालेलं असायचं. सहन केलं म्हणजे सोयीचं होतं असं नाही. कंपनीने कुणाला धरून स्प्रिंग वळावी हाही प्रश्नच आहे: जपानमध्ये वाहनाचं एकूण वजन काढताना माणशी 55 किलो धरतात, युरोपात चालकाचे 75. आपल्या स्कूटरी याच आकड्यांवर बेतल्या आहेत असा माझा दावा नाही. पण कुठला ना कुठला सरासरी माणूस धरावाच लागतो, आणि तो आम्ही नव्हे एवढं त्या ‘खाड्’वरून कळतं.

दिवेआगरला समुद्र चांगला आहे.

उरला शेवटचा सल्ला: स्प्रिंग कशाला, वजन कमी करा. करावं. पण वीस किलो उतरवायला वर्ष जातं आणि स्प्रिंग बसवायला एक दुपार. दरम्यानच्या वर्षात मनगटांनी काय करायचं? शिवाय कमी झालेल्या वजनाच्या जागी मागच्या सीटवर माणूस, डिकीत छत्री आणि परतीला आंबापोळीची पिशवी येतेच. उतरणीपुरता माझा युक्तिवाद मी सोडणार नाही. परतीच्या चढणीवर मात्र भार मागे जातो, पुढची नवी स्प्रिंग मजेत रिकामी बसते, आणि 110 सीसीचं इंजिन माणगाव सोडून घाटाला लागल्यापासून जे सुस्कारे टाकतं त्याला तारेच्या जाडीत उत्तर नाही. तिथे वजन कमी करा म्हणणाऱ्यांची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे.